‘कडून’ नसलेलं पातेलं

हिंगोलीच्या बाजारात भांड्यांच्या एका दुकानाच्या ओट्यावर बसून मी उभा जन्म भांड्यांवर नावं टाकली. हंडे, कळशा, पराती, डबे, ताटं, वाट्या, चमचे. एका हौशी गिऱ्हाइकानं कुकरच्या शिट्टीवर नाव टाकायला लावलं होतं, तेही टाकलं. संपादक म्हणाले, धंद्यातले अनुभव लिहा, पण जपून लिहा. म्हटलं, जपून लिहायची सवय आहे, स्टीलवर केलेली खाडाखोड लपत नाही.

ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांना थोडं सांगतो. आमच्याकडं लग्नात पोरीला आंदण देतात. बाप देतो, मामा देतो, भावकी आणि शेजारपाजार आहेरात देतात. भांडं दिलं म्हणजे त्यावर नाव आलंच. आधी नवरीचं, मग नवरदेवाचं, मग लग्नाची तारीख, आणि शेवटी ‘अमुक तमुक यांच्याकडून सप्रेम भेट’. माणसांचा सगळा जीव त्या ‘कडून’मध्ये. नवरीचं नाव जरा वाकडं आलं तर चालवून घेतात, पण ‘कडून’ बारीक आलं की भांडायला येतात. एक मामा मला म्हणाला, “नवरीचं नाव कुठंबी टाका, माझं मात्र भाकर थापताना दिसलं पाह्यजे.” टाकलं परातीच्या मधोमध. त्या बिचारीनं पुढं किती वर्षं मामाच्या नावावर पीठ मळलं, तिलाच ठाऊक.

सुरुवातीला छोटी छिन्नी आणि हातोडी होती. टिंबाला टिंब जोडत अक्षर काढायचं. नंतर विजेवरचं मशीन आलं, पेनासारखं हातात धरायचं, त्याची सुई थरथरत लिहिते. आठवडी बाजारात वीज कुठली? तिथं छिन्नीच. हिंगोली जिल्हा झाला तेव्हा काही लोक जुन्या भांड्यांवरचं ‘जि. परभणी’ बदलून घ्यायला आले होते. म्हटलं, अहो, जिल्हा सरकारनं बदलला, तुमच्या हंड्यानं काय घोडं मारलं? पण नाही, बदलूनच घेतलं.

काही भांडी फिरतात. आहेरात आलेलं पातेलं लोक वापरत नाहीत, पुढच्या लग्नाला देतात. मग ते माझ्याकडं येतं, जुनं नाव घासून नवं टाकायला. एकच डबा माझ्या हाताखालून तीन वेळा गेला. तिसऱ्या खेपेला एका माणसानं तो ज्याच्या घरी द्यायला म्हणून आणला, पहिल्या खेपेला त्यानंच तो माझ्याकडं आणलेला होता. मी दोघांनाही काही बोललो नाही. असं तोंड बंद ठेवलं म्हणूनच माझा धंदा चालला.

आता लग्नाचं. दुकानाचे शेठ कायम म्हणायचे, “लवकर लग्न केलं की पोरगी सासरी मुरते, लोणच्यासारखी.” आमच्या घरची एकदा डबा घेऊन आली होती, तिनं ते ऐकलं. म्हणाली, “मुरती का सडती, ते बरणी उघडल्यावर कळतंय, शेठ.” शेठनी त्या दिवशी डबा लवकर खायला घेतला. आमचंही लग्न लवकरच झालेलं. मी एकोणीसचा होतो. ती म्हणते मी अठराची होते, तिच्या आईचा हिशेब वेगळा होता. टिकलं आमचं, पण ते वयामुळं टिकलं का तिच्या तोंडामुळं, हे मला अजून सांगता येत नाही.

एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे, ती गमतीची नाही. एकदा एक बाप पोरीला घेऊन आला. पोरीच्या वेण्यांना शाळेच्या लाल रिबिनी. हंडा उचलून बघ म्हटलं तर तिला तो उचलेना. “अठरा पूर्ण हायत,” बाप मी न विचारताच म्हणाला. मला दिसत होतं. तरी मी मान खाली घालून चि. सौ. कां. असं नाव टाकून दिलं, कारण मी नाही टाकलं तर पलीकडच्या ओट्यावर टाकणारा बसलेलाच होता. वर्षाच्या आत तीच भांडी नाव घासायला परत आली. पोरगी माहेरी आहे, कोणाशी बोलत नाही, एवढंच बाप म्हणाला. मला त्याची अजून लाज वाटते. अठराच्या आतलं लग्न टिको न टिको, ते व्हायलाच नको, एवढं मी त्या दिवसापासून ठाम बोलत आलो आणि त्यापायी दोन-चार गिऱ्हाइकंही घालवली.

पण शारदा आणि भागवतची गोष्ट वेगळी. दोघंही कायद्यात बसणारे, पण काठावरचे. ती अठरा पूर्ण, तो एकवीस. तिचा बाप लिंबाजी शाळेचा दाखला खिशात घेऊनच फिरायचा आणि कोणी विचारलं नाही तरी दाखवायचा. भागवत सिद्धेश्वर धरणाकडच्या एका गावचा. घरी मेंढरं, थोडी शेती. बाप लहानपणीच वारलेला. चुलत्यानं, मारोतरावांनी, त्याला लहानाचा मोठा केला. त्यामुळं त्या घरात बोलायचं काम मारोतरावांकडं आणि ऐकायचं काम भागवतकडं.

लग्नाची भांडी माझ्याच हातची. लग्नानंतर महिन्याभरानं ही दोघं मला जवळा बाजारच्या आठवडी बाजारात दिसली. शारदानं माहेराहून एक शेळी आणली होती, ती दूध द्यायला लागली होती, म्हणून दूध तापवायला छोटं पातेलं घेतलं होतं. दोघं माझ्यापुढं उकिडवी बसली.

“काय नाव टाकू?” मी विचारलं.

ती लाजून त्याच्याकडं बोट करून म्हणाली, “ह्यांचं.”

तो मातीत काडीनं रेघा ओढत म्हणाला, “हिचं.”

“अरे पण ह्यांचं म्हणजे कोणाचं? हिचं म्हणजे कोणाचं?”

मला नावं पाठ होती, पण गंमत सोडतो कशाला? ती नवऱ्याचं नाव घेईना, तो बायकोचं घेईना. शेवटी दोघांनी आपापलं नाव सांगितलं. मग आधी कोणाचं, यावर वाद. ती म्हणे ह्यांचं आधी, तो म्हणे शेळी तिची, तिचं आधी. मी शारदाचं आधी टाकलं. “अन् कडून कोण?” मी विचारलं.

“कोणाकडून न्हाई, मामा,” भागवत म्हणाला. “आमीच घेतलं. नुसतं दोघांचं टाका.”

माझ्या अख्ख्या धंद्यात ‘कडून’ नसलेलं ते पहिलं भांडं.

वर्ष-सव्वा वर्ष गेलं आणि लिंबाजी माझ्या ओट्यावर आला. “नाववाले, चला जरा पोरीच्या सासरी. भांडे निवडायचे हायत.”

हे निवडणं म्हणजे काय ते सांगतो. फारकत व्हायची असली की दोन्हीकडची चार माणसं बसतात. कागद करण्याआधी आंदण परत करायचं. ज्याच्या ‘कडून’ भांडं, त्याच्या बाजूला ते. घरात दोन्हीकडची भांडी मिसळलेली असतात, काही अक्षरं घासून पुसट झालेली असतात, म्हणून नाव टाकणाऱ्याला बोलावतात. कोर्टात या कागदाला काय किंमत ते वकील सांगतील, गावात मात्र तोच चालायचा.

“काहून झालं असं?” मी वाटेत विचारलं.

“शेळीपायी,” लिंबाजी म्हणाला.

झालं होतं असं की मारोतरावांनी शारदाची शेळी तिला न विचारता बाजारात विकून टाकली. तिनं नवऱ्याकडं बघितलं. नवरा जमिनीकडं बघत बसला. ती त्याच दिवशी माहेरी निघून आली. लोक म्हणायचे, शेळीसाठी कोणी संसार मोडतं का? आमच्या घरची म्हणाली, “ती शेळीसाठी न्हाई आली. तो गप बसला म्हणून आली.”

मारोतरावांच्या अंगणात भांड्यांचा ढीग. बाहेर टेम्पो उभा. मधोमध दोन्ही गावांनी मानलेले रिटायर गुरुजी. बाजेवर मारोतराव, खांबाला टेकून भागवत, आणि पलीकडं आईच्या आड शारदा. मी एकेक भांडं उचलून वाचत गेलो. “लिंबाजी यांच्याकडून,” की इकडं. “मारोतराव यांच्याकडून,” की तिकडं. एका चमच्यावरून दोन्हीकडचे पाहुणे हातघाईवर आले. तो चमचा शेवटी शारदाच्या मामाकडचा निघाला. मामा तोपर्यंत जेवायला निघून गेला होता.

ढिगाच्या तळाशी ते छोटं पातेलं निघालं. ते बघताच शारदानं पुढं होऊन उचललं, बुडाची काजळी पदरानं पुसली आणि माझ्या हातात दिलं. भागवत खांब सोडून ताठ उभा राहिला. एवढंच झालं, पण मी ते बघितलं.

“कडून कोण?” गुरुजींनी विचारलं.

“कोणीच न्हाई,” मी म्हटलं.

“आमच्या घरात निघालं, आमचं,” मारोतराव म्हणाले.

“पोरीचं नाव पह्यलं हाय, आमचं,” लिंबाजी म्हणाला.

अर्धा तास त्यावर गेला. गुरुजी वैतागून मला म्हणाले, “नाववाले, तुमच्या हातचं हाय ना? कोणी आणलं होतं तुमच्याकडं?”

दोघांनी आणलं होतं, हे खरं उत्तर. पण ते दिलं असतं तर गुरुजींनी चिठ्ठी टाकली असती आणि संध्याकाळच्या आत कागद झाला असता. माझ्या तोंडून निघून गेलं, “गुरुजी, ही जोडी होती. दोन पातेली. एकावर हिचं नाव आधी, दुसऱ्यावर ह्याचं आधी. एक एकाचं, दुसरं दुसऱ्याचं. दुसरं कुठं हाय?”

अशी धडधडीत थाप मी आयुष्यात मारली नव्हती. दुसरं पातेलं नव्हतंच. ते तिघांनाच ठाऊक होतं, मला, तिला आणि त्याला. दोघांपैकी कोणी एक शब्द बोललं असतं तर माझी तिथंच शोभा झाली असती. शारदानं माझ्याकडं बघितलं. भागवतनं शारदाकडं बघितलं. बोललं कोणीच नाही.

गुरुजी तत्त्वाचे पक्के. “एक भांडं कमी असताना कागद व्हायचा न्हाई. दुसरं पातेलं शोधा, मग बोलवा.”

मग जी शोधाशोध सुरू झाली! मेंढरांचा वाडा झाला, कडब्याची गंजी झाली, एकानं विहिरीत गळ टाकून बघितला. इकडच्यांना वाटे तिकडच्यांनी दाबलं, तिकडच्यांना वाटे इकडच्यांनी. टेम्पो रिकामा परत गेला. घरी आल्यावर मी सगळं सांगितलं तर घरची कपाळावर हात मारून म्हणाली, “आवो, नावं टाकायचं काम तुमचं. लोकाच्या संसारात नाक काहून खुपसलं?” मग थोड्या वेळानं तिनंच विचारलं, “दोघंबी गप बसले म्हणता?”

पुढच्या बाजाराला भागवत आला. ओळखीच्या गिऱ्हाइकाची भांडी उचलून बघितली, परत ठेवली. मग म्हणाला, “मामा, दुसरं पातेलं नव्हतं.”

“मग तवा बोलला काहून न्हाईस?”

“ती बोलली न्हाई, मी बी न्हाई बोललो.”

त्याच्या पुढच्या बाजाराला शारदा आली, आईला भाजीवाल्याकडं गुंतवून. “मामा, खोटं काहून बोलले तुमी?”

“तू खरं सांगायचं होतंस.”

“ते न्हाई बोलले, म्हणून मी बी गप बसले.”

“अगं मग एकमेकांशी बोला की! मी काय पोस्टमन हाय?”

ती उठली. “ते बोलत असते तर शेळी गेली असती का?” म्हणाली आणि गेली.

आता खरी पंचाईत पुढंच होती. एके दुपारी मारोतराव स्वतः माझ्या ओट्यावर आले. पिशवीतून नवं कोरं पातेलं काढलं, त्याच मापाचं. “नाववाले, दुसरं पातेलं सापडून न्हाई राहिलं. नावं तुमाला ठाऊकच हायत. ह्याचं आधी, तिचं नंतर. टाका.”

“अहो पण मारोतराव...”

“पण न्हाई अन् बिण न्हाई. पोरगं झुरून राहिलं. धड जेवत न्हाई, मेंढरामागं जातं अन् मेंढरं सोडून येतं. एकदाचं मोकळं होऊ द्या त्याला. मला बी बघवंना.” त्यांचे डोळे ओले झाले होते. माणूस वाईट नव्हता. पोरगं कशानं झुरतंय ते तेवढं त्यांना कळलं नव्हतं.

नाही म्हणायचं तर ‘दुसरं पातेलं नव्हतंच’ हे मला सांगावं लागलं असतं. पंचवीस माणसांपुढं मारलेली थाप भर बाजारात कबूल करायची! माझी छाती झाली नाही. मी मशीन लावलं आणि टाकली नावं. अक्षर इतकं सुबक आलं की माझाच मला राग आला.

पुन्हा बैठक बसली, पुन्हा टेम्पो आला. मारोतरावांनी पातेलं गुरुजींपुढं ठेवलं. “सापडलं!”

गुरुजींनी दोन्ही शेजारी ठेवली. एक बुडाला काळं, आत दूध लागल्याचा डाग, एका बाजूला पोचा आलेलं. दुसरं लखलखीत. “हे वापरलेलं दिसत न्हाई,” गुरुजी म्हणाले.

“जपून वापरलं,” मारोतराव म्हणाले. कोणीतरी मागं फिसकन हसलं.

“असो. जोडी पुरी झाली. एक इकडं, एक तिकडं.” गुरुजींनी चष्मा लावला, बॉन्डपेपर मांडीवर घेतला, पेनाचं टोपण काढलं. माझ्याच हातानं मी त्या दोघांचा शेवटचा आडोसा काढून टाकला होता. आता तोंड उघड, तोंड उघड, असं मी स्वतःला म्हणत होतो आणि तोंड काही उघडत नव्हतं.

“गुरुजी, थांबा.” शारदा उभी राहिली होती. “ते पातेलं आमचं न्हाई. दुसरं पातेलं नव्हतंच कधी.”

सगळ्यांच्या माना आधी माझ्याकडं वळल्या. मी माझ्या चपला शोधायला लागलो.

लिंबाजी तिच्यावर ओरडला, “मग त्या दिशी काहून न्हाई बोललीस? इथं सारं गाव पालथं घातलं आमी!”

“बोलले असते तर त्याच दिशी कागद झाला असता, बाबा.”

तिची आई पदर तोंडाला लावून बसली. गुरुजींनी पेन खाली ठेवलं आणि भागवतकडं वळले. “अन् तू रे? तुला ठाऊक होतं का न्हाई?”

“त्याला काय इचारता,” मारोतराव बाजेवरून म्हणाले, “मी सांगतो...”

“काका, तुमी थांबा.”

भागवत बोलला होता. मारोतरावांचं तोंड तसंच उघडं राहिलं. त्या घरात हे वाक्य त्याआधी कोणी ऐकलं नव्हतं. तो खांब सोडून पुढं आला.

“शेळी तिची होती, काका. तुमी विकली. मी तिथंच होतो अन् बोललो न्हाई. तुमची चूक थोडी, माझी लई.” मग त्यानं सगळ्यांदेखत तिच्याकडं बघितलं. “शारदा, घरी चल.”

त्यानं तिचं नाव घेतलं तशा चार बायका एकदम रडायला लागल्या. मीही रडलो, सांगायला काय लाजायचं. शारदा मात्र रडली नाही. तिनं जुनं पातेलं उचललं, काखेत मारलं आणि म्हणाली, “आधी शेळी आणा.” आणि बापाच्या टेम्पोत जाऊन बसली. बाकीची भांडी तिथंच राहिली.

ती शेळी काही सापडली नाही. भागवत दोन आठवडे बाजारोबाजार फिरला. शेवटी दुसरी आणली, काळी, एका कानावर पांढरा ठिपका असलेली, आणि सासऱ्याच्या दारात नेऊन उभी केली. मारोतरावही सोबत गेले होते, दोरी त्यांच्याच हातात होती. शारदानं शेळीचे दात बघितले, कास बघितली, पाय बघितले, चार नावं ठेवली आणि मग सासरी गेली.

त्या बैठकीनंतर गुरुजींनी मला वेशीपर्यंत सोडायला येऊन सुनावलं, “नाववाले, तुमचा हात सुंदर हाय, पण जिभेला हाड न्हाई. इथून पुढं भांडे निवडायला तुमाला बोलावणार न्हाई.” बोलावलं नाहीच. त्या पंचक्रोशीतल्या निवडण्या पलीकडच्या ओट्यावरचा करायला लागला. हकनाक पत गेली म्हणून मी चार दिवस चडफडलो. मग सोडून दिलं.

लोक अजून विचारतात, लवकर केलेलं लग्न टिकतं का? मी तीस वर्षांच्या नवरीची भांडी परत आलेली बघितली आणि अठरा-एकवीसवाल्यांचे नातू बघितले. कोवळ्या वयात घरातली मोठी माणसंच दोघांच्या वाटचं बोलून टाकतात, तेवढी एक अडचण मला दिसली. ज्यांना आपलं आपण बोलायची सवय लागते ते तरतात. बाकीच्यांचं मला ठाऊक नाही, मी नावं टाकणारा माणूस.

दहाएक वर्षांनी शारदा-भागवत दुकानात आले, घर वाढलं म्हणून मोठं पिंप घ्यायला. भागवत आत शेठशी बोलत होता. पिंपाच्या पत्र्यावर बोलला, सोयाबीनच्या भावावर बोलला, धरणाच्या पाण्यावर बोलला, शेठच्या गुडघ्यावर औषध सांगितलं, आणि पुन्हा पिंपावर आला. शेठ घामाघूम झाले होते. शारदा माझ्याजवळ ओट्यावर येऊन टेकली.

“कसं काय चाललंय, बाई?” मी विचारलं.

तिनं आत एक नजर टाकली आणि कपाळाला हात लावला. “काय सांगू मामा. त्या दिशी तोंड उघडलं ते उघडलं. अजून मिटूनच न्हाई राहिलं.”